ठाणे–पनवेल–उरण लोकलने दिवसभराची भटकंती: आधी तिथी बघा, मग गाडी

ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी लोकल म्हणजे कामाची गाडी, असं बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ऐरोली, रबाळे, घणसोलीची ऑफिसं गाठायची आणि संध्याकाळी परत यायचं. पण याच रुळांच्या एका अंगाला पारसिकचा डोंगर आहे, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी, आणि नेरुळपासून निघणारा फाटा पार उरणला समुद्राजवळ नेऊन सोडतो. सुट्टीचा दिवस घालवायला एवढं पुष्कळ झालं.

अडचण एकच. यातलं काहीच आपल्या सोयीने चालत नाही. खाडी भरती-ओहोटीवर चालते, रविवारची गाडी मेगाब्लॉकवर आणि डोंगर ऊन-पावसावर. त्यामुळे ‘कुठे जायचं’ हा प्रश्न आधी घेऊ नका. कोणत्या दिवशी, किती वाजता घराबाहेर पडता येईल ते ठरवा. मग यादीतली निम्मी ठिकाणं आपोआप गळतात आणि उरलेल्यांतून निवडणं सोपं होतं. आणि एका दिवसात दोनपेक्षा जास्त स्टेशनांवर उतरू नका. तिसऱ्या ठिकाणी माणसं फक्त पाय ओढत फिरतात.

गाडी नीट समजून घ्या

ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारा हा मार्ग म्हणजे ट्रान्स-हार्बर. त्याच्या सगळ्या गाड्या धीम्या आहेत. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे इथपर्यंत सगळ्यांची वाट एक. (दिघा गाव हे नवं स्टेशन, १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालेलं. जुने नकाशे बघून स्टेशनं मोजत बसलात तर एकाने चुकाल.) तुर्भ्याच्या पुढे फाटा फुटतो. वाशी गाडी सानपाड्याकडे वळते, नेरुळ आणि पनवेल गाड्या जुईनगरकडे. वाशीला जायचं असताना पनवेल गाडीत बसलात तर तुर्भ्याला उतरून मागून येणारी वाशी गाडी धरा. गप्पांत जुईनगर आलं तरी बिघडत नाही. तिथून सीएसएमटीकडे जाणारी हार्बरची गाडी दुसऱ्या स्टेशनाला वाशीत सोडते. उलट चूक झाली तर वाशीहून पनवेलची हार्बर गाडी आहेच. इंडिकेटरवर शेवटचं स्टेशन वाचण्याची सवय लावली की हे सगळं टळतं.

ठाण्यात या गाड्या ९, १० आणि १० अ या फलाटांवरून सुटतात, म्हणजे पूर्वेच्या, कोपरीच्या बाजूने. पश्चिमेहून येणाऱ्याने रिक्षातून उतरल्यापासून फलाटावर पोचेपर्यंत दहा मिनिटं धरावीत. मुलं आणि पिशव्या बरोबर असतील तर पंधरा. कोणी सोडायला येणार असेल तर सरळ ठाणे पूर्वेला उतरावं.

कामाच्या दिवशी सुट्टी काढून निघत असाल तर साडेसातच्या आत गाडी पकडा, नाहीतर साडेदहानंतर. मधल्या वेळात ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीत दुर्बिणीची पिशवी सांभाळत उभं राहणं ही शिक्षा आहे. परतीचंही तसंच. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ या वेळात ऐरोली, रबाळे, घणसोलीला ठाण्याकडे जाणाऱ्या गाडीत शिरायलाच जागा नसते. वाशी किंवा पनवेल इथून गाडी सुटते, तिथे चढलात तर बसायला मिळतं.

मोबाइलवर तिकीट काढायचं तर रेल्वेच्या ‘रेलवन’ अॅपवर आणि स्टेशनच्या बाहेर असतानाच काढा. फलाटावर पोचल्यावर अॅप तिकीट देत नाही, आणि तिकीट तपासनीस स्क्रीनशॉट मानत नाही. तिकीट अॅपमध्ये उघडूनच दाखवावं लागतं. चार-पाच जणांचं तिकीट एकाच्या मोबाइलवर असेल तर सगळ्यांनी एकाच डब्यात बसा. बायका महिला डब्यात आणि तिकीट पुरुषांच्या डब्यात, हा घोळ दर रविवारी कुठल्या ना कुठल्या कुटुंबाचा होतोच.

मेगाब्लॉक

रविवारी रुळांची कामं निघतात. वेळ साधारण सकाळी ११ ते दुपारी ४. शनिवारी संध्याकाळपर्यंत रेल्वे ते जाहीर करते आणि रविवारच्या पेपरात पहिल्या-दुसऱ्या पानावर ते येतं. फक्त ‘हार्बरवर ब्लॉक’ एवढं वाचून थांबू नका. कुठून कुठपर्यंत ते बघा. ठाणे ते वाशी-नेरुळ ब्लॉक असेल तर तुमची गाडीच बंद. पनवेल ते वाशी ब्लॉक असेल तर ठाणे–पनवेल गाड्या रद्द होतात, पण ठाण्याहून वाशी-नेरुळपर्यंतच्या सहसा चालू राहतात. अशा दिवशी कर्नाळा सोडा आणि ऐरोली किंवा वाशी धरा. ब्लॉक आहे म्हणून दिवस रद्द करण्याचं कारण नाही. अकराच्या आत पोचायचं, चारनंतर निघायचं. मधले पाच तास तुम्ही तसंही स्टेशनवर नसता.

सेक्टरचा घोळ

नवी मुंबईत ऐरोली, वाशी, नेरुळ अशा प्रत्येक वसाहतीला नोड म्हणतात, आणि प्रत्येक नोडमध्ये सेक्टर एकपासून मोजायला सुरुवात होते. सेक्टर १० ऐरोलीत आहे, कोपरखैरण्यात आहे, वाशीत आहे आणि नेरुळमध्येही आहे. रिक्षात बसून नुसतं ‘सेक्टर दहा’ म्हणालात तर रिक्षावाला तुम्ही ज्या नोडमध्ये आहात तिथला दहा दाखवणार, आणि त्यात त्याची चूक नाही. नोडचं नाव आणि जवळची ओळखीची खूण, दोन्ही सांगा. स्टेशनमधून बाहेर पडताना भुयारातच पूर्व की पश्चिम ते ठरवून घ्या. चुकीच्या बाजूने बाहेर आलात तर पुन्हा जिने उतरून-चढून जाण्यात दहा मिनिटं मोडतात.

फ्लेमिंगो: इथे घड्याळ नाही, पंचांग लागतं

या मार्गावरचं सगळ्यांत मोठं आकर्षण हेच, आणि सगळ्यांत जास्त लोक निराश होऊन परततात तेही इथूनच. कारण जवळपास दरवेळी एकच: चुकीच्या वेळी चुकीच्या जागी उभं राहणं.

ठाणे खाडीतला सुमारे १,६९० हेक्टरचा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर, दर्जा मिळाला. पक्षी नोव्हेंबर-डिसेंबरपासून येऊ लागतात आणि मे अखेरीपर्यंत बहुतेक निघून जातात. फेब्रुवारी ते एप्रिल हा सगळ्यांत चांगला काळ. तेव्हा संख्याही मोठी असते आणि रंगही चढलेला असतो. इथे फ्लेमिंगोच्या, म्हणजे मराठीत रोहितच्या, दोन जाती दिसतात. थोरला रोहित उंच, पांढुरका, गुलाबी चोचीला काळं टोक. धाकटा रोहित बुटका, जास्त गुलाबी, चोच गडद लाल-काळी. मोठे थवे बहुधा धाकट्यांचे असतात.

आता मुख्य गोष्ट. हे पक्षी उथळ पाण्यात, चिखलात चोच घालून शेवाळं आणि बारीक जीव गाळून खातात. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडला की ते तिथे पांगतात, किनाऱ्यापासून बरेच लांब. भरती चढली की चिखल पाण्याखाली जातो, पाय टेकायला जागा उरत नाही आणि थवे उडून आतल्या तळ्यांवर विश्रांतीला येतात. त्यामुळे नेरुळ-सीवूड्सच्या तळ्यांवर जायचं तर भरतीच्या सुमारास, आणि खाडीत बोटीने जायचं तर पाणी चढत किंवा उतरत असताना. ऐन भरतीला बोट छान चालते, पण पक्षी कमी. ऐन ओहोटीला पक्षी भरपूर, पण बोट चिखलात रुतणार.

भरतीची वेळ इंटरनेटवर मिळते. पण घरात भिंतीवर ‘कालनिर्णय’ असेल तर तेवढंही करावं लागत नाही. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट काढा, ती भरतीची ढोबळ वेळ. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला भरती, ओहोटी बाराच्या सुमारास. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा. खाडीत आत शिरायला पाण्याला वेळ लागतो, म्हणून ऐरोलीकडे आणखी अर्धा-पाऊण तास धरा. हा अंदाज तासभर इकडेतिकडे होतो. शनिवार-रविवार निवडायला तो पुरतो, बोटीची वेळ ठरवायला नाही. दुसऱ्या दिवशी भरती पाऊण-एक तास उशिरा येते, एवढं लक्षात ठेवलं की पुढच्या आठवड्याचंही जमतं.

आणखी एक बारकावा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं, म्हणून पक्ष्यांची ये-जा ठळक दिसते. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांगाची भरती. पाणी जेमतेम चढतं, खाडीतला चिखल पूर्ण बुडतच नाही, मग पक्ष्यांना तळ्यांवर यायची निकड राहत नाही. भांगाच्या दिवशी तळ्याकाठी चार पक्षी दिसले तर तळ्याला दोष देऊ नका.

तळ्यांसाठी सगळ्यांत चांगला मेळ बसतो तो एकादशी-द्वादशीच्या सकाळी. आठ-साडेनऊच्या दरम्यान भरती, ऊन कोवळं, फोटोला उजेड चांगला. संध्याकाळी जायचं तर षष्ठी-सप्तमी, साडेचार-साडेपाचची भरती. उधाणाच्या दिवशी भरती भर दुपारी येते. पक्षी दिसतात, पण गरम हवेच्या थरथरीने दुर्बिणीतलं चित्र लवलवतं आणि फोटो वाया जातात.

*तळ्यांवर.* सीवूड्स-दारावे स्टेशनला उतरा. डीपीएस तलाव पश्चिमेला आहे. चालत साधारण वीस-पंचवीस मिनिटं, नाहीतर रिक्षा. पाम बीच रोडच्या कडेने टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ जागा हा दुसरा पर्याय. डीपीएस तलावात भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा आहेत. त्या बुजल्या की पाणी साचून राहतं किंवा आटतं, वर हिरवी सायीसारखी शेवाळ पसरते आणि पक्षी उतरत नाहीत. काठावर पोचल्यावर अशी साय दिसली तर वाट बघत बसू नका, दुसरी जागा धरा.

काठाला उभं राहताना पूर्वेकडे पाठ असावी, म्हणजे सकाळचं ऊन तुमच्या मागून पक्ष्यांवर पडतं. पांढरेशुभ्र, भडक कपडे नकोत. ड्रोन नको. थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवणारे, दगड टाकणारे महाभाग भेटतात. त्यांना थांबवा. दुपारभर विश्रांती घेणारा पक्षी विनाकारण उडवला की त्याने खाऊन साठवलेली ताकद वाया जाते, आणि पुढे त्याला शेकडो किलोमीटरचा प्रवास करायचा असतो. दुर्बीण ८×४२ची पुरेशी. १०×५० जड पडते आणि हात थरथरतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याने थवा येईल, पक्षी येणार नाही. पक्षी हवा तर किमान ३०० मिलिमीटरची लेन्स लागते.

*बोटीने.* ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. रिक्षावाल्याला ‘फ्लेमिंगो सेंटर’ म्हटलं की कळतं. स्टेशनच्या पश्चिमेला, खाडीपुलाच्या बाजूला. सोमवारी बंद. बोटीच्या फेऱ्यांच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात. मागच्या रविवारी मित्र दहाच्या बोटीने गेला म्हणून या रविवारी दहाला पोचाल तर बोट कदाचित दुपारी असेल. म्हणून आधी आरक्षण, मग गाडी. फेब्रुवारी-मार्चमधल्या शनिवार-रविवारच्या जागा लवकर संपतात. मधल्या वारी गेलात तर निवांत. दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा, कारण भरती कोणासाठी थांबत नाही आणि बोटवालेही थांबू शकत नाहीत. उशीर झाला तर परतताना पाणी कमी पडतं. बोटीत टोपीला दोरी हवी, सनस्क्रीन हवं आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. कांदळवनातले डास भरदिवसा चावतात. लहान मुलं असतील तर फेरीच्या आधी किंवा नंतर केंद्रातलं प्रदर्शन बघून घ्या. मुलांचा तासभर तिथे सहज जातो.

दोन वेळांमध्ये रिकामा वेळ उरला तर ऐरोलीतच सेक्टर १५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक आहे. पांढरा घुमट लांबूनच दिसतो. आत ग्रंथालय आणि दालनं आहेत, शांत बसता येतं. त्या दिवसाचं दुसरं स्टेशन शोधण्यापेक्षा हे बरं.

उरण: जाताना रेल्वे, येताना लाँच

१२ जानेवारी २०२४ ला गाडी उरणपर्यंत गेली आणि ठाणेकरांसाठी समुद्र एकदम जवळ आला. त्याआधी ती खारकोपरपर्यंतच होती. ठाण्याहून नेरुळला या आणि उरण गाडी पकडा. इथे एक मेख आहे: उरणच्या काही गाड्या नेरुळहून सुटतात, काही बेलापूरहून. बेलापूरची गाडी नेरुळला येत नाही. नेरुळच्या फलाटावर तासभर उभे राहणारे लोक बहुधा बेलापूरच्या गाडीची वाट बघत असतात. गाड्या विरळ आहेत. ठाण्यातून निघतानाच उरण गाडीची वेळ आणि सुटायचं स्टेशन बघून ठेवा आणि नेरुळ किंवा बेलापूरला दहा मिनिटं हाताशी ठेवून पोचा. सीवूड्सनंतर गाडी खाडीवरच्या पुलावरून जाते आणि खारकोपरच्या पुढे दोन्ही बाजूंना कांदळवन, मिठागरं, भातशेती लागते. खिडकी मिळवाच.

उरणला उतरल्यावर दोन कार्यक्रम होऊ शकतात. द्रोणागिरी किल्ला चढायचा असेल तर सकाळी आठच्या आत पायथा गाठा. चढ फार मोठा नाही, तास-दीड तासाचा, पण सावली कमी आणि दमटपणा भयंकर. माणशी दोन लिटर पाणी. वर चर्चचे आणि तटाचे अवशेष, खाली करंजा, बंदर आणि समुद्र. पायथ्याशी तेल-वायूचे प्रकल्प आहेत. त्या दिशेला कॅमेरा रोखू नका, सुरक्षारक्षक हटकतात आणि त्यांचं बरोबर असतं.

डोंगर नको असेल तर पीरवाडीचा किनारा. स्टेशनवरून रिक्षा करा आणि परतीच्या रिक्षाची व्यवस्था तिथेच बोलून ठेवा. सूर्यास्तानंतर रिक्षा मिळवणं अवघड जातं. ओहोटीला इथे खडक उघडे पडतात. त्यांवर खेकडे, शिंपले, शेवाळं बघायला मुलांना मजा येते, पण शेवाळावर पाय घसरतो, म्हणून चपलेऐवजी पकड असलेले बूट किंवा सँडल. पोहायला उतरू नका. पाण्याखालचे खडक दिसत नाहीत. पावसाळ्यात तर पाण्याच्या जवळही जाऊ नका.

परतताना त्याच गाडीने येण्याऐवजी मोरा बंदर धरा. तिथून भाऊच्या धक्क्याला लाँच सुटते. पाऊण ते एक तासाचा प्रवास, उजव्या हाताला घारापुरी. धक्क्यावर उतरून डॉकयार्ड रोड स्टेशन गाठा, हार्बरने कुर्ल्याला या, तिथून ठाण्याची गाडी. असा गोल फेरा झाला की दिवस खरा सहलीचा वाटतो.

पण इथेही तिथी बघायची. मोऱ्याच्या धक्क्यापाशी गाळ साचतो आणि उधाणाच्या दिवसांत ऐन ओहोटीला लाँच लागायला पाणी पुरत नाही. मग सेवा काही तास थांबते. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास, म्हणजे नेमकी तुमची परतीची वेळ. त्या दिवशी लाँचचा बेत दुपारी तीनच्या आत आटपा, किंवा सरळ रेल्वेने परत या. षष्ठी ते अष्टमीला संध्याकाळी भरती असते. लाँचसाठी तेच दिवस उत्तम.

कर्नाळा

पनवेल स्टेशनवरून एसटी स्टँड, तिथून पेण-अलिबागकडची बस. कर्नाळा साधारण १२ किलोमीटर. विनाथांबा गाडीत चढू नका. चढण्याआधीच कंडक्टरला ‘कर्नाळ्याला थांबणार का?’ विचारा. वाटेत शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. वेळ असेल तर परतताना उतरा.

प्रवेशद्वारावर पिशव्या तपासतात. प्लास्टिकच्या बाटल्या, वेष्टनं मोजून अनामत घेतात आणि परतताना दाखवली की पैसे परत देतात. सुट्टे पैसे ठेवा आणि खाऊ घरूनच स्टीलच्या डब्यात न्या. दशम्या, थालीपीठ, कोरडी चटणी उन्हात टिकतात. दहीभात दुपारपर्यंत आंबतो. नुसतं पक्षी बघायला आला असाल तर मोरटाका आणि हरियल या पायवाटा पुरेत. सकाळी सात ते साडेनऊ हीच वेळ. दहानंतर जंगल गप्प होतं आणि माणसं बोलायला लागतात. जून ते सप्टेंबरमध्ये तिबोटी खंड्या इथे वीण घालतो. तो दिसला तर दोन मिनिटं बघा आणि पुढे चला. घरट्यासमोर कॅमेऱ्यांची रांग लागली की नर-मादी पिल्लांना भरवायला येत नाहीत.

किल्ल्यावर जायचं तर दीड-दोन तासांचा चढ आणि माणशी तीन लिटर पाणी. वाटेत पाण्याचा भरवसा धरू नका. अंगठ्यासारख्या त्या सुळक्याला मोठी मोहोळं लगडलेली असतात. अत्तर, डिओ लावून जाऊ नका, वर धूर करू नका, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर हात झटकत उभं राहू नका. चेहरा झाकून, सावकाश वाकून वाटेने खाली या. पळापळीत कडा विसरला जातो.

पावसाळ्यातले धबधबे

खारघरचा पांडवकडा सुमारे १०७ मीटरचा. ट्रेनमधूनही दिसतो आणि तेवढाच बघावा. दरवर्षी पावसाळ्यात तिथे प्रवेशबंदी असते, कारण डोंगरात वर पडलेला पाऊस खाली दहा-पंधरा मिनिटांत लोंढा होऊन येतो आणि खाली ऊन असतानाही येतो. ओढा ओलांडून गेलेले लोक पलीकडेच अडकतात. घणसोली-रबाळ्याच्या मागच्या गवळीदेव डोंगरावर पावसाळी हिरवाई बघायला गेलात तरी हाच नियम: पाण्याचा रंग मातकट होऊ लागला किंवा पाण्यातून काटक्या-पानं यायला लागली की लगेच काठावर चढा.

दोन-तीन तासच हाताशी असतील तर

वाशीचं सागर विहार संध्याकाळी बरं. भरतीला गेलात तर खाडी, ओहोटीला गेलात तर चिखल. एवढं सोडलं तर तिथे सांगण्यासारखं फार नाही. रविवारी दुपारी किंवा रात्री विष्णुदास भावे नाट्यगृहात प्रयोग असेल तर दोन्ही जुळतात. नेरुळचं वंडर्स पार्क मुलांसाठी, विशेषतः सहा ते दहा वर्षांच्या. सुट्टीच्या दिवशी चारच्या आत पोचा, नंतर खेळण्यांच्या रांगा वाढतात. नेरुळमधलं ज्वेल ऑफ नवी मुंबई सकाळच्या फेरीला छान. वयस्कर माणसांनाही जमते, रस्ता सपाट आहे.

खारघरच्या सेंट्रल पार्कला जाणारे खारघर स्टेशनला उतरतात आणि रिक्षावर पैसे घालवतात. बेलापूरला उतरून मेट्रो घ्या. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर–पेंधर मेट्रो धावते आणि तिच्यावर सेंट्रल पार्क नावाचं स्टेशनच आहे.

बेलापूरला वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखलेली आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत आहे. मधल्या अंगणाभोवती सात घरं, अशा तीन अंगणांचा आणखी मोठा चौक, अशी तिची मूळ रचना. चाळीस वर्षांत लोकांनी घरांवर मजले चढवले, तरी गल्ल्यांमधून चालताना मूळ आखणी कळते. लोक तिथे राहतात. अंगणात शिरून फोटो काढू नका.

एप्रिल-मेमध्ये आंब्यासाठी एपीएमसीचा (कृषी उत्पन्न बाजार समितीचा) घाऊक फळबाजार. तुर्भे किंवा वाशीहून रिक्षा. रविवारी घाऊक व्यवहार सहसा बंद, म्हणून शनिवारी सकाळी आठच्या आत जा. पेटी फळाच्या आकारानुसार चार ते आठ डझनांची. दोन-तीन घरांनी मिळून घ्या. पेटीवरच्या छापील नावावर जाऊ नका. खालच्या थरातला आंबा उचलून देठाशी वास घ्या आणि साल बघा. हापूसची साल पातळ असते. वरचा थर सगळ्यांचाच चांगला असतो. येताना पेटी घेऊन गर्दीच्या डब्यात शिरू नका, मालडब्यात उभे राहा आणि पेटी आडवी न करता सरळ ठेवा. घरी गवतात पसरलेला कच्चा आंबा चार-पाच दिवसांत होतो. बंद पेटीत ठेवलात तर मधले दोन-तीन कुजतात आणि वास सगळ्यांना लागतो.

पिशवीत काय

पाणी, टोपी, डासांचं मलम, कोरडा रुमाल, सुट्टे पैसे, पॉवर बँक. छत्रीपेक्षा पातळ रेनकोट बरा, कारण फ्लेमिंगोंसमोर छत्री उघडली की थवा उडतो. एक रिकामी कापडी पिशवी कचऱ्यासाठी.

परतीच्या शेवटच्या गाडीवर भिस्त ठेवू नका. तिच्या आधीची धरा, म्हणजे एक चुकली तरी दुसरी असते. उरणहून निघताना तर हा नियम कडक, कारण तिथे चुकलेल्या गाडीनंतर थांबण्यासारखं फलाटाशिवाय काही नाही. ठाण्याला नऊच्या आत पोचलात तर पश्चिमेला तलावपाळीचा एक फेरा आणि मिसळ होऊन जाते. त्यानंतर पोचलात तर सरळ घर.